शेजारी नसलेले सुपरहिरो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’पर्यंत सगळे सुपरहिरो सिनेमे आवडीने पाहिले, पुढच्यांत मन लागत नाही, वय झालं की सिनेमे बिघडले? आणि सुट्टीत अकरा वर्षांचा भाचा मुंबईला येतोय, त्याला यातलं काय दाखवावं?

वयाचं म्हणाल तर मी बावन्न वर्षांची आहे आणि २०२५ च्या ‘सुपरमॅन’मधल्या कुत्र्याला पाहून थिएटरात टाळ्या वाजवल्या आहेत. तेव्हा तो मुद्दा निकालात निघाला असं समजा. मी जाणकार वगैरे नाही. कॉमिक्स वाचलेली नाहीत. कुठल्या खड्यात कुठली शक्ती हे मुलगा समजावतो तेव्हा कळतं आणि घरी पोचेपर्यंत विसरतं. पण २००२ सालचा ‘स्पायडरमॅन’ हिंदीतून पाहिला तेव्हापासून हा नाद लागलाय. मंगळवारी तिकीट स्वस्त असतं, म्हणून ऑफिसातून परस्पर थिएटर गाठायचं, एवढीच माझी लायकी.

इतकी वर्षं पाहून माझं एक मत झालंय. सुपरहिरोला शेजारीपाजारी असतील तर सिनेमा चालतो, मग गोष्ट कितीही चावून चोथा झालेली असो. तो अंतराळात कुठेतरी विश्व वाचवत बसला आणि त्या विश्वात कोण राहतं हेच आपल्याला ठाऊक नसलं, की तिसाव्या मिनिटाला माझा हात मोबाइलकडे जातो.

२०२२ च्या ‘द बॅटमॅन’चं सांगते. जवळजवळ तीन तासांचा, अंधारा, सतत पाऊस. मध्यंतरापर्यंत मी कंटाळले होते. शेवटी खलनायक शहराची समुद्राकडची भिंत उडवतो आणि पाणी रस्त्यांवरून आत शिरतं. इतका वेळ नुसता सूडाची भाषा करणारा बॅटमॅन पाण्यात उतरतो, हातात लाल मशाल पेटवतो आणि अडकलेल्या लोकांना वाट दाखवत पुढे चालू लागतो. मागे ओळीने माणसं. ना हाणामारी, ना डायलॉग.

माझ्या शेजारच्या खुर्चीवरची बाई रडत होती. मीही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या संध्याकाळी मी कुर्ल्याला बंद पडलेल्या लोकलमधून उतरले आणि एलबीएस रोडने भांडुपकडे चालायला लागले होते. पाणी छातीपर्यंत. एका ठिकाणी पोरांनी दुकानाच्या शटरपासून विजेच्या खांबापर्यंत दोर बांधला होता आणि एक जण बॅटरी हलवत ओरडत होता, “ताई, डावीकडे गटार उघडं आहे, दोर धरून इकडून या.” अंधारात त्याचा चेहरा काही दिसला नाही. दिग्दर्शक मॅट रीव्ह्जला भांडुप माहीत असण्याचं कारण नाही, पण तो प्रसंग मुंबईत पाहणं आणि दुसरीकडे पाहणं यात फरक आहे एवढं नक्की.

आता याच्या उलट टोक. २०२३ चा ‘अँट-मॅन’, तो क्वांटममेनियावाला. पहिल्या भागात त्याचा लुईस नावाचा मित्र होता, एका श्वासात कुठल्या कुठे गोष्ट नेणारा. आमच्या चाळीत तळमजल्यावर असेच एक काका होते, दूध आणायला गेले की तासाभराने उगवायचे आणि सोबत सगळ्या गल्लीची बातमीपत्रं. तिसऱ्या भागात लुईसच गायब. त्याच्या जागी काय, तर सूक्ष्म जगातलं रंगीबेरंगी धुकं आणि त्यात धावणारी अनोळखी प्रजा. त्यांचं राज्य गेलं काय, राहिलं काय!

‘इटर्नल्स’ही तसाच, पण तिथे एक गंमत झाली. २०२१ च्या दिवाळीत, पाडव्याला लागला. त्याच दिवशी ‘सूर्यवंशी’ही लागला होता, त्यामुळे गर्दी तिकडे आणि आमच्या हॉलमध्ये मोजून वीस डोकी. दहा अमर योद्धे सात हजार वर्षं पृथ्वीवर राहतात, पण सगळे वेरूळच्या लेण्यातल्या मूर्तींसारखे वागतात. त्यांच्यातल्या एकाचा करुण नावाचा नोकर कॅमेरा घेऊन मागे मागे फिरतो. ते काम आपल्या हरीश पटेलनी केलंय (होय, ‘गुंडा’तला इबू हटेला!). तो पडद्यावर आला की हॉल हसायचा, आणि निरोप घेऊन गेला तेव्हा गप्प झाला. अमर मंडळींपैकी एकाचंही नाव आज मला धड आठवत नाही.

आता ‘एंडगेम’. तुम्ही म्हणाल, त्यातही विश्वच वाचवतात की. खरंय. पण तो मार्व्हल स्टुडिओच्या मालिकेतला बाविसावा सिनेमा होता. अकरा वर्षं ती माणसं आपल्याकडे येऊन-जाऊन होती, म्हणजे त्यांचे शेजारी आपणच. २६ एप्रिल २०१९ ला लागला तेव्हा मुंबईत रात्रभर खेळ चालले होते, आणि २९ ला लोकसभेचं मतदान. पहाटेच्या खेळाला गेलेला माझा मुलगा तीन दिवसांनी आयुष्यातलं पहिलं मत द्यायला गेला, तोवर त्याचा घसा बसलेलाच होता. मोडकी ढाल बांधून कॅप्टन अमेरिका एकटा उभा राहतो आणि मागून एकेक जण येतात, तिथे इतकं ओरडला होता. ते पुन्हा घडवायचं तर पुन्हा अकरा वर्षं ओळख वाढवावी लागेल.

मार्व्हलने नेमका तिथे शॉर्टकट घेतला. २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत सात सिनेमे आणि आठ मालिका! नोकरी, स्वयंपाक आणि लोकलचा प्रवास सांभाळणाऱ्या माणसाने हा गृहपाठ कधी करायचा? ‘डॉक्टर स्ट्रेंज’चा दुसरा भाग पाहायला गेले तर त्यातल्या वांडाची दोन मुलं कुठून आली ते कळेना, ते म्हणे ‘वांडाव्हिजन’ मालिकेत दाखवलंय. लांबच्या नात्यातल्या लग्नात गेल्यावर जसं होतं ना, कुणीतरी गळ्यात पडतं आणि आपण हसून “हो हो, ओळखलं” म्हणतो, तसं. २०२५ च्या ‘कॅप्टन अमेरिका’त तर २००८ चा एक ‘हल्क’, ते ‘इटर्नल्स’ आणि एक मालिका एवढं आधी माहीत हवं होतं. तो १४ फेब्रुवारीला लागला, त्याच दिवशी ‘छावा’. मुलुंडला लोक कुठल्या रांगेत होते हे सांगायला नको. ‘द मार्व्हल्स’बद्दल काही लिहीत नाही, त्यातल्या कमाला खान या मुलीच्या घरच्यांपुरता बरा आहे.

सगळं बिघडलेलं नाही, हेही सांगायला हवं. ‘स्पायडरमॅन: नो वे होम’ आपल्याकडे १६ डिसेंबर २०२१ ला, अमेरिकेच्या एक दिवस आधी आला. तेव्हा महाराष्ट्रात थिएटरं निम्म्याच क्षमतेने चालू होती, एक सोडून एक खुर्ची रिकामी. आधीच्या सिनेमांतले दोन स्पायडरमॅन पडद्यावर आले तेव्हा जो गदारोळ झाला तो झालाच, पण मला शेवट जास्त लागला. सगळं जग पीटरला, म्हणजे स्पायडरमॅनला, विसरलेलं, आणि तो एका लहानशा भाड्याच्या खोलीत सामान घेऊन येतो, शिलाई मशीनवर स्वतःचा पोशाख स्वतः शिवतो. डिपॉझिटसाठी पैसे जुळवत या शहरात पहिली खोली घेतलेल्या कुणालाही विचारा.

‘सुपरमॅन’ मला त्यासाठीच आवडला. इमारतीएवढा राक्षस शहरात धुमाकूळ घालतोय आणि हा पठ्ठ्या आधी एका खारीला उचलून बाजूला ठेवतो. फलाफल विकणारा एक गाडीवाला त्याला हात देऊन उठवतो, आणि पुढे त्या गाडीवाल्याचं जे होतं ते पाहताना माझ्या पोटात गोळा आला. आपल्या सेन्सॉरला मात्र त्यात ३३ सेकंदांचं चुंबन तेवढं खटकलं. ‘फँटॅस्टिक फोर’ही नीट जमलाय. साठीच्या दशकातलं वाटावं असं न्यूयॉर्क, आणि ‘तुमचं बाळ देऊन टाका म्हणजे आम्ही वाचू’ म्हणत दारावर आलेली माणसं. कालपर्यंत जयजयकार करणारी सोसायटी एका मीटिंगमध्ये कशी फिरते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ‘थंडरबोल्ट्स’ महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीत पाहिला. त्यात शेवटचा लढा ठोशांनी सुटत नाही, मिठीने सुटतो. मुलगा म्हणाला, काहीतरीच. मला पटला.

‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’चा तिसरा भाग माझ्या मतात बसत नाही. ना गल्ली, ना शहर, सगळं अंतराळात, तरी त्यातल्या बोलक्या रॅकून प्राण्याच्या लहानपणाने ढसाढसा रडवलं. पिंजऱ्यातली प्राणी मंडळी हेच त्याचे शेजारी असं म्हणून मी वेळ मारून नेऊ शकते, पण जाऊ दे.

इंग्रजीवर अडून राहू नका, हेही सांगते. मल्याळी ‘मिन्नल मुरली’ नेटफ्लिक्सवर आहे, गावातला शिंपी सुपरहिरो होतो. त्यातला खलनायक मात्र मनात राहतो, कारण गावानेच त्याला आयुष्यभर वेडा ठरवून दूर ठेवलेलं असतं. ‘लोका’ या दुसऱ्या मल्याळी सिनेमात केरळची यक्षी बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये राहायला येते आणि समोरच्या घरातली पोरं तिच्यामागे लागतात. अक्षरशः शेजारी! मुंबईचाच हवा असेल तर २०१८ चा ‘भावेश जोशी’ शोधा. पाणीचोरी आणि टँकरवाल्यांच्या विरोधात उभा राहिलेला मुखवटेवाला. तेव्हा आपटला होता, पण उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आला की मला तोच आठवतो. मराठीत २०१५ ला श्रेयस तळपदेचा ‘बाजी’ आला होता. नंतर कुणी तिकडे फिरकलेलं दिसत नाही.

आता भाच्याचं. पहिल्या दिवशी घरीच ‘अक्रॉस द स्पायडरव्हर्स’ लावा. भारतात हा दहा भाषांत आला आणि त्यात मराठी होती. मिळाला तर मराठीतूनच दाखवा. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून मुंबॅटन नावाचं शहर केलंय, ट्रॅफिकवरचे टोमणे आहेत आणि ‘चाय टी’ म्हणणाऱ्याला तिथला स्पायडरमॅन, आपला पवित्र प्रभाकर, झापतो तो प्रसंग आहे. प्रभाकर हे आडनाव कसं, असा प्रश्न भाचा विचारेल. माझ्याही मुलाने विचारला होता. उत्तर नाही. आणखी एक, हा सिनेमा ऐन रंगात अर्धवट संपतो, तेवढी आधी कल्पना देऊन ठेवा, नाहीतर रात्री जेवणार नाही.

दुसऱ्या दिवशी ‘सुपरमॅन’, तिसऱ्या दिवशी ‘फँटॅस्टिक फोर’. दोन्हींना आधीचं काहीही पाहिलेलं लागत नाही. ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ मागेल, कारण वर्गात सगळ्यांनी पाहिलाय असं सांगेल. त्याला ‘ए’ सर्टिफिकेट आहे, ठाम राहा. (तुम्ही एकटे पाहा, त्यातही एक घरच्यांचा फोटो जपून ठेवलेला आहे.) ‘द बॅटमॅन’ अजून तीन-चार वर्षांनी.

जुन्या मालिका पाहून भरपाई करत बसू नका. ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’साठी १८ डिसेंबर २०२६ ही तारीख जाहीर झालीय, त्यात रॉबर्ट डाउनी ज्युनियर खलनायक होऊन परत येतोय. आमच्याकडे मुलाने आतापासून पाहायची यादी करून फ्रिजवर चिकटवलीय. मी तिच्यावर वाणसामान लिहिते.

आणि थिएटरात नेलंत तर आधी बाहेर वडापाव खायला घाला. आतल्या पॉपकॉर्नच्या भावात दोघांचं जेवण होतं. रात्रीचा खेळ असेल तर नावं संपल्यानंतरच्या तुकड्यासाठी भाचा हट्ट करेल. तुमचं घर ठाण्याच्या पुढे असेल तर शेवटची गाडी बघून काय ते ठरवा.