चुनखडीतला कर्ब हिशेबात धरायचा का?

प्रश्न : माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के आणि मुक्त चुनखडी ११ टक्के आली. चुनखडीतही कर्ब असतोच, मग आमची जमीन कर्बाने श्रीमंत म्हणायची का? – एक वाचक, काटोल (जि. नागपूर)

उत्तर : चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याच्या वजनात १२ टक्के कर्ब असतो. म्हणजे ११ टक्के चुनखडीत १.३२ टक्के. वरचा ३० सेंमी थर आणि घनता घन सेंमीला १.३ ग्रॅम धरली तर हेक्टरी ३,९०० टन माती होते. तिच्यात सेंद्रिय कर्ब साडेएकोणीस टन आणि चुनखडीतला ५१ टनांहून थोडा जास्त. साठा मोठा, पण जिवाणूंना तो खाता येत नाही, त्यातून नत्रही सुटत नाही. सुपीकतेसाठी ०.५ हाच आकडा धरा, आणि तो कमीच आहे.

अहवालावर नुसते ‘कर्ब’ लिहिले असेल तर पद्धत विचाराच. डायक्रोमेट आणि गंधकाम्लाच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत चुनखडी मोजली जात नाही. ९०० अंशांच्या पुढे माती जाळणारे यंत्र मात्र दोन्ही कर्ब एकत्र मोजते. तुमच्या मातीला ते १.८२ दाखवेल आणि वाचणारा उगाच खूश होईल.

चुनखडी मोजताना ५ ग्रॅम मातीत एक नॉर्मल (ठरावीक तीव्रतेचे) हायड्रोक्लोरिक आम्ल १०० मिली घालतात आणि उरलेले आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडने मोजतात. खर्च झालेल्या दर मिलीला एक टक्का. बुडबुडे थांबण्याआधी घाई केली की आकडा कमी येतो. शिवाय २ मिमी चाळणीवर राहिलेले चुनखडीचे खडे फेकून दिले जातात, ते वेगळे तोलून नोंदवायला सांगा. काळी माती वाळली की आक्रसते आणि घनता वाढते, म्हणजे हेक्टरी टनांचा हिशेबही बदलतो. त्यामुळे दोन वर्षांची तुलना करायची तर नमुना सारख्याच ओलीला घ्या.

प्रश्न : हवेतला कार्बन डायऑक्साइड चुनखडीत कायमचा कोंडला जातो म्हणतात. मग ती वाढू द्यावी का? – एक वाचक, कळमेश्वर

उत्तर : कॅल्शियम कुठून आला, यावर सगळे अवलंबून. बेसॉल्ट (काळा कातळ) झिजताना कॅल्शियमच्या एका अणूमागे कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बायकार्बोनेट होतात. पाण्यातून चुनखडी साकळताना (घट्ट होऊन बसताना) त्यातला एक परत हवेत जातो, एक अडकतो. जुनीच चुनखडी विरघळून पुन्हा साकळली तर पदरात काही पडत नाही.

पण शेतकऱ्याने ती वाढू देण्यात शहाणपण नाही. कॅल्शियम चुनखडीत गेला की चिकणमातीच्या कणांवर सोडियमचे प्रमाण वाढते आणि पाणी मुरेनासे होते. संत्र्याला तर १० टक्क्यांच्या पुढे त्रासच. नवी पालवी पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. अशा जमिनीत फेरस सल्फेट टाकले तर बरेचसे लोह तिथेच अडकते, फवारणीच बरी. नवी बाग लावायची असेल तर आधी मीटरभर खोलीपर्यंत चुनखडी तपासा, कारण ती बहुधा खाली वाढत जाते. तरीही लावायचीच असेल तर कलमाला जंबेरीपेक्षा रंगपूर लाइमचा खुंट निवडा (दोन्ही लिंबूवर्गीय झाडे).