गजर झोपण्याचा लाव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला स्क्रीनशॉट पाहिला. ५.००, ५.०५, ५.१० असे ओळीने सात गजर, आणि शेवटच्याला नाव दिलंयस 'आता तरी ऊठ'. हसू आलं, कारण माझ्याही फोनमध्ये एके काळी अशीच रांग होती. पहिले सहा बंद करायचे आणि सातव्याला उठायचं, हे झोपतानाच ठरलेलं असायचं. मग त्या अर्ध्या तासात धड झोपही नाही आणि धड जागही नाही.

तू विचारलंस, लिहायला पहाटे उठायचंय, त्यासाठी कुठलं ॲप घेऊ? आधी हे सांग, ते ॲप काम कधी करणार? उठल्याउठल्या मेंदू लगेच ताळ्यावर येत नाही. पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त, तो अर्धवट झोपेतच असतो. त्या अवस्थेत फोन तुला विचारतो, उठतेस की अजून थोडं? उत्तर काय येणार ते तुला ठाऊक आहे. म्हणून पहाटेचे सगळे निर्णय आदल्या रात्री उरकून टाकायचे. माझ्या लेखी ॲपचा उपयोग एवढ्यापुरताच.

तेव्हा पहिला गजर झोपण्याचा. मोठ्या माणसाला निदान सात तास झोप लागते. साडेपाचला उठायचं तर साडेदहाला डोळा लागायला हवा, म्हणजे पावणेदहाला फोनने हटकायला हवं. त्यासाठी वेगळं काही विकत घेऊ नकोस. अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये बेडटाइम मोड आहे, आयफोनच्या हेल्थमध्ये झोपेचं वेळापत्रक आहे. बेडटाइम मोडमध्ये स्क्रीन राखाडी करायची सोय आहे, ती नक्की वापर. रंग गेले की त्याच रील्स इतक्या मिळमिळीत दिसतात की दोन मिनिटांत फोन आपसूक खाली ठेवला जातो. नोटिफिकेशन रात्रीपासून सकाळी अमुक वाजेपर्यंत बंद ठेव. गजर त्यातूनही वाजतो, पण सेटिंगमध्ये एकदा खात्री करून घे.

उठवण्यासाठी अलार्मीसारखी ॲप्स आहेत. गणित सोडव, फोन गदागदा हलव, ठरवलेल्या जागेचा फोटो काढ, बारकोड स्कॅन कर, तेव्हा कुठे ती गप्प होतात. गणिताच्या वाटेला जाऊ नकोस. आठवडाभरात मी झोपेत दोन अंकी बेरजा करायला शिकलो. बारकोड मात्र लागू पडला, कारण मी तो टूथपेस्टच्या खोक्यावरचा दिला होता. गजर थांबवायचा तर बेसिनपर्यंत जाणं भाग. मग एका रात्री नवी, मोठी पेस्ट आणली आणि रिकामं खोकं टाकून दिलं. मोठ्या पेस्टचा बारकोड वेगळा. पहाटे फोन बोंबलतोय, घरातले सगळे दारात उभे, आणि मी कचऱ्याच्या डब्यात हात घालून जुनं खोकं शोधतोय. तेव्हापासून मी साधा उपाय करतो. चार्जर दुसऱ्या खोलीत, फोन तिथेच. आवाज दारातून ऐकू येतो का, हे तेवढं एकदा दिवसा तपासून ठेवलंय.

मनगटावरच्या घड्याळाने तुझ्या झोपेला ६२ गुण दिले म्हणून तू खट्टू झालीस. अगं, ते घड्याळ हाताची हालचाल आणि हृदयाचे ठोके पाहून अंदाज बांधतं. गाढ झोप किती हे खरं मोजायचं तर प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात. झोपेच्या आकड्यांच्या मागे लागून झोप घालवणाऱ्यांसाठी संशोधकांनी २०१७ साली 'ऑर्थोसोम्निया' असा शब्दच काढला. कधी झोपलीस, कधी उठलीस, एवढं त्यातून घे. गुणांचा रकाना उघडूच नकोस.

सवयींच्या ॲपमधल्या त्या साखळीचंही तेच. सलग १९ दिवस झाले, विसाव्या दिवशी चुकलं, ॲपने शून्य दाखवलं आणि तू आठवडाभर उठलीच नाहीस. शून्य ॲपचं झालं, तुझं कसं होईल? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सवयी कशा लागतात याचा अभ्यास झाला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. सलग दिवसांऐवजी महिन्यातले एकूण दिवस मोजणारं ॲप मिळालं तर बघ, नाहीतर भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मार. मी फुलीवाला आहे.

उठल्यावर आधी पडदा सार. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं, आणि त्या कामात फोनच्या स्क्रीनपेक्षा आभाळ कैक पटींनी सरस. बाहेर अंधारच असेल तर ठरल्या वेळी हळूहळू उजळणारा दिवा चालेल, पण तो हौसेचा भाग. नसला तर अडत नाही. पहाटे काय लिहायचं आहे, ते रात्रीच कागदावर मांडून टेबलावर ठेव. ते बघायला फोन उघडलास की बाकीचं सगळं दिसणारच.

सात गजरांपैकी सहा आज रात्रीच पुसून टाक. सातवा राहू दे, नावासकट. चार्जर कुठे हलवलास ते कळव.

तुझा,
सर