कॉलेजच्या नावावरून हसतात म्हणून नाव बदलतात का?

तुम्ही विचारलंय की मराठवाड्यातल्या तुमच्या कॉलेजच्या नावाची पोरं टर उडवतात. तेवढ्यासाठी कॉलेज नाव बदलतं का, आणि बदलायला काय करावं लागतं?

नुसत्या टिंगलीला संस्थाचालक भीक घालत नाहीत. प्रवेश घटायला लागले की हालचाल सुरू होते. अमेरिकेतलं बीव्हर कॉलेज घ्या. पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर गावी १८५३ साली निघालं म्हणून ते नाव. बीव्हर हा बांध घालणारा प्राणी, पण तिकडच्या बोलीत त्याला अश्लील अर्थही आहे. विनोद वर्षानुवर्षं सोसले. मग इंटरनेट आलं आणि शाळांच्या संगणकांवरचे फिल्टर कॉलेजची वेबसाइटच अडवू लागले. म्हणजे ज्यांनी प्रवेश घ्यायचा, त्यांनाच पान उघडेना. कॉलेजनं ते गाव १९२५ मध्येच सोडलं होतं. २००१ मध्ये विद्यापीठ होताना त्यांनी आर्केडिया युनिव्हर्सिटी हे नाव घेतलं.

आपल्याकडे बहुतेक वेळा हसू येतं ते पूर्ण नावाचं नाही, त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचं. जर्सीवर, बसवर, वेबसाइटच्या पत्त्यात तीच अक्षरं. असं असेल तर ती अक्षरं तेवढी काढा, कुणाची परवानगी लागत नाही. नाव एखाद्या थोर माणसाचं किंवा देणगीदाराचं असेल तर त्याला हात लावण्याआधी दहादा विचार करा. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात इथं काय घडलं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

तरीही बदलायचंच ठरलं, तर आधी नाव कोणाचं बदलतंय ते पाहा. संस्थेचं बदलत असेल तर धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. फक्त महाविद्यालयाचं असेल तर तिकडे धावू नका. संस्थेचा ठराव घेऊन विद्यापीठाकडे जा. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीवाल्यांनी नांदेडला, बाकीच्या चार जिल्ह्यांनी छत्रपती संभाजीनगरला. अभियांत्रिकी किंवा एमबीए असेल तर एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषदही आली. विद्यापीठाचं पत्र हाती येईपर्यंत नवी पाटी रंगवू नका.

खरा घोळ पुढे होतो. बोनाफाईडवर नवं नाव आणि महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर जुनं, की शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटीत अडकलाच. बँक खातं, पॅन, पगाराची सेवार्थ प्रणाली, एआयएसएचई (उच्च शिक्षणाचं केंद्रीय सर्वेक्षण), नॅकचं मूल्यांकन, यूजीसीची यादी, सगळीकडे तेच. म्हणून निकाल लागल्यावर आणि नवे प्रवेश सुरू होण्याआधी बदल करा, सत्राच्या मधे नको. जुन्या गुणपत्रिका जुन्याच नावाच्या राहतात, त्यामुळे पुढची काही वर्षं टीसी आणि बोनाफाईडवर नव्या नावाखाली ‘पूर्वीचे नाव’ छापत जा. जुना वेब पत्ताही सोडू नका. पोर्टलांचे ओटीपी त्याच पत्त्यावरच्या ईमेलवर येत असतात.