वारंवार पडणारी एक-दोन दिवसांची रजा

‘दर महिन्या-दीड महिन्याला आजारपणाची एक-दोन दिवसांची रजा पडते, वॉर्डात मला कामचुकार समजतात, दोष माझाच आहे का?’ हा प्रश्न परिचारिका मला नेहमी विचारतात. सोलापुरातील एका खासगी रुग्णालयातील सिस्टरची हकिगत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे देत आहे.

त्यांची दुखणी खरी होती: पित्त, डोकेदुखी, एकदा जुलाब. मी त्यांना ड्युटी लिस्टवर रजांच्या खुणा करून आणायला सांगितले, तेव्हा बहुतेक खुणा सलग नाइट संपल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत आढळल्या. नाइट करून त्या सकाळी घरी पोचत. त्या दिवशी नळाला पाणी येणार असेल तर झोप बाजूला ठेवून पिंप आणि घागरी भरणे आलेच, कारण सोलापुरात पाणी रोज येत नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी झोप लागणे तर दूरच.

“पण मॅडम, माझ्यामुळे दुसरीला डबल ड्युटी पडते,” हे त्यांचे खरे शल्य होते. ते खोटेही नाही. मात्र भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत रजेसाठी ३० टक्के जादा परिचारिका धरलेल्या आहेत. तेवढी नेमणूक झाली नसेल, तर त्याचा भार आजारी सिस्टरने मनावर का घ्यावा? एका बाबतीत मात्र मी त्यांना स्पष्टच बोलले. जुलाब थांबताच त्या दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या होत्या, आणि लक्षणे थांबल्यावरही ४८ तास रुग्णांपासून दूर राहावे, हे त्या स्वतः विद्यार्थिनींना शिकवतात. घाईचे कारण पगार होते: किरकोळ रजा संपल्या होत्या आणि ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) आजारपणाचा लाभ सहसा पहिल्या दोन दिवसांचा मिळत नाही.

इन्चार्ज सिस्टरकडे तक्रार न करता ती खुणा केलेली लिस्टच न्यावी आणि सलग नाइट कमी करून त्यानंतर ऑफ मागावा, असे आम्ही ठरवले. घरी सासूबाईंशी बोलणे त्याहून अवघड गेले, पण पाण्याचे काम आता पती करतात. नाइट कमी झाल्या आहेत; नंतरचा ऑफ अजून दर वेळी मिळत नाही. पित्ताचा त्रास कायम असल्याने मी त्यांना फिजिशियनकडे पाठवले आहे.