मुलांना नीट पोहता येत नाही, तरी बेटावर स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून, तरंगत पाण्याखालचं पाहणं) करता येईल का?

येईल, पण लाइफ जॅकेट घालूनच आणि मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर. खरी कटकट मास्कची असते. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवा आणि मुलाला नाकाने श्वास आत ओढायला सांगा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. रबराखाली केसांची एक बट अडकली तरी पाणी शिरतं, आणि खारं पाणी एकदा नाकात गेलं की मूल दिवसभर परत उतरायचं नाव काढत नाही! म्हणून आधी कमरेइतक्या पाण्यात नळीने श्वास घ्यायचा सराव करून घ्या. सकाळी वारा कमी असतो, तेव्हाच जा. पाठ भाजते, पूर्ण बाह्यांचा स्विमसूट घाला. प्रवाळावर उभं राहू देऊ नका, तो जिवंत असतो आणि पायही कापतो.