माडीचा जिना दुरुस्त करताय? आधी टोचून पाहा

भाऊ, एक पायरी मोडली म्हणून अख्खा जिना उखडू नका. आधी पेचकस घ्या अन् दोन्ही बाजूंचे तिरपे दांडे टोचून पाहा, खास करून जमिनीजवळ अन् भिंतीत जातात तिथं. आपल्याकडं मातीच्या भिंतीतून उधई (वाळवी) चढते. वरून रंग चकचकीत, आतून भुसा! पेचकस सहज आत गेला तर हात आवरा, जिना वापरणं बंद करा, सुताराला बोलवा. दांडे टणक असतील तर काम तुमच्या हातचं आहे.

नवशिके हमखास चुकतात ते इथं:

- ओलं बाभळीचं लाकूड वापरतात. ते वाळताना वाकतं, तडकतं. जुन्या घराचं सुकं सागवान मिळालं तर सोनंच.
- जुन्या फळीवरच नवी ठोकतात. ती एकच पायरी उंच होते अन् अंधारात ठेच लागते. जुनी काढा, तेवढ्याच जाडीची बसवा.
- काठाशी खिळा ठोकतात, फळी चिरते. आधी बारीक छिद्र पाडा, मग स्क्रू.

एका वेळी एकच पायरी काढा. काम उन्हाळ्यातच उरका. पावसाळ्यात लाकूड फुगतं, माप चुकतं. पॉलिशचं नंतर बघू.