प्रश्न वाचकांचे : आयटीतली नोकरी आणि पुढचे शिक्षण

प्रश्न : मी ३६ वर्षांची असून गेली १३ वर्षे हिंजवडीतील एका कंपनीत मेनफ्रेमवर (बँका वापरतात तसल्या मोठ्या मध्यवर्ती संगणकावर), म्हणजे कोबोल ही भाषा, जॉब चालवण्याच्या सूचना लिहायचे जेसीएल आणि डीबी२ हा डेटाबेस यांच्यावर, एका परदेशी बँकेच्या सपोर्टचे काम करते. महिन्यातून एक आठवडा ऑन-कॉल असतो आणि त्या आठवड्यात रात्री दोन-अडीचला फोन येणे ठरलेलेच. टीममधली धाकटी मुले एआयचे कोर्स करून दुसरीकडे निघून गेली. मीही दोन कोर्स विकत घेतले, ते अर्धवट राहिले. घरकर्ज चालू आहे, मुलगी पाचवीत आहे. इतक्या वर्षांत स्वतः नवीन असे काहीच घडवले नाही, याची खंत वाटते ती वेगळीच. सगळे सोडून पायथन आणि मशीन लर्निंगपासून सुरुवात करावी का? — एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : आपल्या पत्रात तीन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत : झोपमोड, आपले ज्ञान शिळे होईल ही धास्ती आणि काही घडवले नसल्याची खंत. या तिन्हींवर मशीन लर्निंगचा एकच कोर्स लागू पडेल असे मला वाटत नाही. झोपमोडीचा विषय मॅनेजरशी पाळ्यांच्या वाटपाबद्दल स्पष्ट बोलून सोडवायचा आहे. आठवडाभर झोप नसताना माणसाला आपले अख्खे करिअरच चुकले असे वाटू लागते, म्हणून निदान मोठा निर्णय ऑन-कॉलच्या आठवड्यात घेऊ नका.

धास्तीचे मात्र सविस्तर पाहू. कोबोल ही भाषा १९५९ मध्ये आकाराला येऊ लागली आणि आयबीएमची सिस्टम/३६० ही मेनफ्रेमची यंत्रमालिका १९६४ मध्ये जाहीर झाली. जुने प्रोग्रॅम पुढच्या पिढीच्या यंत्रांवरही चालावेत, हे धोरण त्या कंपनीने पुढे सातत्याने जपले. त्यामुळे अनेक बँकांचे रोजचे हिशेब आजही याच व्यवस्थेवर होतात. दुसरीकडे, २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच कंपनीने कोबोलचे जावा या भाषेत रूपांतर करण्यासाठी जनरेटिव्ह एआयवर आधारलेले साधन जाहीर केले. तेव्हा आपली धास्ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. कोबोलच्या ओळी लिहिणे आणि वाचून समजावणे यांची किंमत उतरणार आहे. प्रश्न असा, की १३ वर्षांत आपण तेवढेच शिकलात का?

आपल्याला हे सांगायची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी सांगतो, की रात्री अडीचचा तो फोन कशासाठी येतो. दिवसाचे व्यवहार खात्यांवर चढवणे, व्याज मोजणे, दुसऱ्या दिवशीच्या फायली तयार करणे ही कामे रात्री एकामागोमाग एक ठरलेल्या क्रमाने चालतात. एखाद्या नोंदीत रकमेच्या जागी अंकांऐवजी नुसत्या मोकळ्या जागा आलेल्या असतात, प्रोग्रॅम त्यांची बेरीज करायला जातो आणि ‘एस-झीरो-सी-सेव्हन’ असा कोड देऊन कोसळतो. मागचे सगळे जॉब खोळंबतात. कोणत्या ओळीवर गाडी अडली, हे यंत्र सांगते. ती नोंद बाजूला ठेवून पुढे जायचे की बँकेतल्या कोणाला उठवायचे, ती कोणत्या सिस्टीममधून आली असेल आणि सकाळी शाखा उघडण्याआधी काय निस्तरायला हवे, हे मात्र आपल्यासारखी व्यक्तीच सांगू शकते. हे ज्ञान फारसे कागदावर उतरलेले नसते आणि आपण मात्र ते आपल्या जमेच्या बाजूला धरतच नाही आहात.

आता जावात रूपांतर झाले असे समजा. कोबोलमध्ये गणिताच्या ओळीत ‘राउंडेड’ असे लिहिलेले नसेल, तर न मावणारे दशांश सरळ कापले जातात. हाच हिशेब जावात कोणी साध्या ‘डबल’ या संख्याप्रकारात मांडला, तर दशांशातल्या कित्येक रकमा तिथे तंतोतंत साठवल्याच जात नाहीत. त्यासाठी ‘बिगडेसिमल’ वापरावा लागतो आणि तिथेही वर न्यायचे की कापायचे, हे आपणच सांगावे लागते. लाखो खात्यांच्या व्याजात पैशापैशाचा फरक पडला, तर ते रूपांतर बँक स्वीकारणार नाही. जुना आणि नवा हिशेब जुळतो की नाही, आणि जुळत नसेल तर कोणाचा खरा, हे ठरवणारी माणसे अशा प्रकल्पांना हवी असतात. नुकताच पायथनचा कोर्स केलेला मुलगा कितीही हुशार असला, तरी ते काम त्याला लगेच जमणार नाही.

म्हणून शिकायचेच तर जावा वाचण्यापुरते आणि छोटे बदल करण्यापुरते शिका, डेटाबेसमधून माहिती काढण्याची एसक्यूएल ही भाषा पक्की करा, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट वापरायला लागा आणि दोन प्रोग्रॅमची उत्तरे ताडून पाहणाऱ्या स्वयंचलित चाचण्या लिहायला शिका. कोर्स अर्धवट राहतात, कारण त्यांतल्या उदाहरणांशी आपले काही देणेघेणे नसते. त्याऐवजी ग्नूकोबोल हा मोफत कंपायलर घरच्या लॅपटॉपवर घ्या, काल्पनिक खात्यांवर व्याज मोजणारा एक प्रोग्रॅम कोबोलमध्ये लिहा, तोच जावात लिहा आणि शेवटच्या पैशापर्यंत उत्तरे जुळवून दाखवा. मुलाखतीत दाखवायला यापेक्षा चांगले काही मला सुचत नाही. एक इशारा : बँकेचा खरा कोड किंवा डेटा बाहेरच्या कोणत्याही एआय साधनात चुकूनही टाकू नका. नोकरी त्यानेही जाते.

गणिताची, विशेषतः रेषीय बीजगणिताची आणि संभाव्यतेची, ओढ असेल तर मशीन लर्निंग जरूर शिका. भीतीपोटी शिकू नका. राजीनाम्याची घाई नको. आपल्याच कंपनीत असे रूपांतराचे प्रकल्प चालू असतील, तर आधी तिथे बदली मागा. ती सहा महिन्यांत मिळाली नाही, तर हातात ऑफर घेऊनच पेपर टाका आणि नोटीसचे ९० दिवस हिशेबात धरा.

आणि ती खंत. देखभालीच्या कामालाही मोल असते, असे सांगून तिची समजूत काढता येईल, पण माणसाला काही उभारावेसे वाटते ते खरेच असते आणि दुसऱ्याने उभारलेले सांभाळून ती भूक भागत नाही. मात्र ती नोकरीतूनच भागायला हवी असेही नाही. रूपांतराच्या कामात ती काही अंशी भागेल. नाही भागली, तर वर्षभराने पुन्हा लिहा.

प्रश्न : मी नांदेडला बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स झालो आहे. पुण्यातील एक संस्था सहा महिन्यांच्या डेटा सायन्सच्या कोर्ससाठी १ लाख ८० हजार रुपये मागते आणि ‘१०० टक्के प्लेसमेंट’ म्हणते. पैसे हप्त्यांनी भरता येतील. वडील शेती करतात. प्रवेश घ्यावा का? — एक विद्यार्थी

उत्तर : जाहिरातीतला ‘१०० टक्के’ करारात बहुधा ‘प्लेसमेंट साहाय्य’ होऊन उतरतो, म्हणून सही करण्यापूर्वी करार घरी आणून थोरल्यांसमोर वाचा. दुसरे असे, की ज्याला संस्था ‘हप्ते’ म्हणते ते पुष्कळदा एखाद्या वित्त कंपनीचे तुमच्या किंवा वडिलांच्या नावावरचे कर्ज असते. कोर्स मध्येच सोडला किंवा संस्थाच बंद पडली, तरी ते फेडावे लागते. फी परत मिळण्याच्या अटी लेखी मागा. संस्था टाळाटाळ करू लागली, तर तुम्हाला उत्तर मिळाले असे समजा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे नवख्या पदवीधराला थेट डेटा सायंटिस्ट म्हणून घेणाऱ्या जागा थोड्या असतात. पहिली नोकरी टेस्टिंग, सपोर्ट किंवा साध्या डेव्हलपमेंटमध्ये मिळण्याचा संभव अधिक, आणि त्यासाठी लागणारे एसक्यूएल, लिनक्स आणि एक भाषा फुकट शिकता येते. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमाची व्याख्याने विनामूल्य आहेत. केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेलाच तेवढे माफक शुल्क पडते. वर्गात बसूनच शिकणे जमत असेल, तर १९८८ पासून पुण्यात असलेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचे पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम पाहा. त्यांना सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा असते आणि मला ते चांगले लक्षण वाटते, कारण जिथे पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश मिळतो, तिथल्या प्रमाणपत्राकडे कंपन्या फारसे पाहत नाहीत.

शिकता शिकता एक खरी गोष्ट करून पाहा. नांदेडमध्ये स्पर्धापरीक्षांच्या मुलांच्या अभ्यासिका आहेतच. त्यांपैकी एखाद्या मालकाला विचारून त्यांची वही संगणकावर आणून द्या. सुरुवातीला तुम्ही एक खुर्ची म्हणजे एक विद्यार्थी असे धरून टेबल कराल. मग मालक सांगतील, की सात नंबरच्या खुर्चीवर दिवसा एक मुलगा बसतो आणि रात्री दुसरा, दोघांची फी वेगळी आहे आणि दिवसाचा मुलगा पंधरा तारखेला गावी जाऊन पुढच्या महिन्यात येणार असल्याने त्याने अर्धीच फी दिली आहे. तुमचे टेबल मोडेल आणि डेटाबेस कसा मांडायचा, हे त्या दिवशी तुम्हाला कळेल. मालक ते रोज वापरू लागले, तर मुलाखतीत बोलायला तुमच्याकडे पुष्कळ असेल.

सहा महिने असे काम करूनही नोकरी लागली नाही आणि तेव्हा कोर्स करावासा वाटला, तर वडिलांकडून काय मागायचे हे तुम्हाला आजच्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

प्रश्न : वय ४५. बी.ई. झाल्यापासून २२ वर्षे आयटीत, सध्या डिलिव्हरी मॅनेजर. दिवस मीटिंग आणि एक्सेल शीटमध्ये जातो. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवावे असे फार दिवस मनात आहे. एम.टेक. नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर : अभियांत्रिकीत पूर्णवेळ सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते, तेव्हा तो दरवाजा तूर्त बंद आहे. दुसरा किलकिला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचा, तोही शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा अनुभव असणाऱ्या व्यक्तीला पदवीची नेहमीची अट न लावता नेमता येते. पण असे नेमणे महाविद्यालयावर बंधनकारक नाही आणि ही नेमणूक फार तर तीन वर्षांची, अपवादाने चार वर्षांची असते. तिच्या भरवशावर नोकरी सोडू नये.

आधी एखादा वैकल्पिक विषय तासिका तत्त्वावर, शनिवारी, एक सत्रभर शिकवा. मानधन अल्प असेल आणि उशिरा मिळेल असे धरून चाला. २२ वर्षे ‘माहीत आहे’ म्हणून आपण जे गृहीत धरतो, ते दुसऱ्या वर्षाच्या साठ मुलांना सांगताना किती अपुरे पडते, हे पहिल्या चार तासांतच ध्यानात येईल. शिवाय उत्तरपत्रिका तपासणे, हजेरी आणि मूल्यांकनाच्या समितीपुढे ठेवायच्या फायली यांचेही दर्शन घडेल. मीटिंगला कंटाळून जाणार असाल, तर महाविद्यालयातही मीटिंग असतातच. इतके पाहूनही सोमवारी सकाळी पुढच्या शनिवारच्या तासाचा विचार डोक्यात येत असेल, तर पगारातली घट सोसण्याजोगी आहे का, याचा हिशेब घरच्यांसमोर मांडा.

त्या हिशेबात एक बाब हमखास राहून जाते, ती म्हणजे आई-वडिलांचा कंपनीच्या गटविम्यातला समावेश. नोकरी सुटली की तोही जातो, आणि नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा असू शकते. त्यामुळे शिकवायला कधीही जा, ती पॉलिसी मात्र नोकरीत असतानाच काढून ठेवा.